कशाची तारीख?

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. वेल्समधली छोटी फेस्टिनिऑग रेल्वे सुरू कधी झाली, याची तुला चार सालं सापडली: १८३२, १८३६, १८६३ आणि १८६५. आता तू विचारतेस, यातली कोणती ठेवू आणि कोणत्या तीन खोडू? एकही खोडू नकोस. चारही बरोबर आहेत, प्रश्न तेवढा चुकलाय. साल हाती आलं की ते खरं की खोटं हे नंतर. आधी विचारायचं, हे कशाचं साल?

१८३२ हे कायद्याचं. ब्रिटिश संसदेने त्या वर्षी कंपनीला परवानगी दिली, तेव्हा वेल्सच्या त्या डोंगरात कंपनीचा एक रूळही पडलेला नव्हता. २० एप्रिल १८३६ ही मार्ग सुरू झाल्याची तारीख. ब्लायनाय फेस्टिनिऑगच्या खाणींतला पाटीचा दगड त्या मार्गाने पोर्थमाडोगच्या बंदरावर उतरू लागला, पण इंजिन तेव्हाही नव्हतं. जेम्स स्पूनरने उतारच असा बेतून आखला होता की भरलेल्या वॅगन स्वतःच्या वजनाने खाली येत. ब्रेक धरायला माणसं असत आणि घोडे त्याच गाडीच्या एका डब्यात उभे राहून खाली येत. मग तेच घोडे रिकाम्या वॅगन ओढत वर नेत. १८६३ हे वाफेच्या इंजिनांचं साल आणि १८६५ रीतसर प्रवासी वाहतुकीचं. यात भांडण आहेच कुठे?

पण ‘१८६३ मध्ये वाफ आली आणि जुनी पद्धत संपली’ हे तुझं वाक्य मात्र मला मुळीच मान्य नाही. कोणती पद्धत संपली? इंजिनांनी घोड्यांचं काम घेतलं, म्हणजे रिकाम्या वॅगन वर ओढण्याचं. दगडाने भरलेल्या गाड्या त्यानंतरही इंजिनाशिवाय, ब्रेकवाल्यांच्या भरवशावर उतरत राहिल्या, थेट १९३९ पर्यंत. एका घाईच्या वाक्याने तू शहात्तर वर्षांचं काम पुसून टाकलंस. त्या ब्रेकवाल्यांनी उन्हापावसात त्या वॅगनवर बसून काय केलं, हे सांगणारे लोक आधीच कमी आहेत गं.

बंद पडण्याचंही तसंच. प्रवासी १९३९ ला थांबले, दगड १९४६ ला. स्वयंसेवकांच्या मदतीने १९५५ साली पुन्हा गाडी धावली ती लहानशा पट्ट्यावर, ब्लायनायपर्यंत पोचायला १९८२ उजाडलं. ‘बंद झाली’ आणि ‘पुन्हा सुरू झाली’ असं नुसतं लिहिलंस तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

आता तो फोटो. पाटीवर नाव ‘टॅलिएसिन’, आणि इंजिनाला दोन्ही टोकांना धुराडी. पुस्तकात टॅलिएसिन एका धुराड्याचं, १८७६ चं. म्हणून फोटोखालची ओळ चुकीची ठरवून तू फोटोच बाजूला टाकलास. तो परत घे! १८७६ चं एका बॉयलरचं टॅलिएसिन १९३५ ला मोडीत गेलं. १८८६ चं दुहेरी, म्हणजे दोन्ही टोकांना धुराडी असलेलं, ‘लिव्हिंग्स्टन थॉम्पसन’ होतं, त्याला १९३० च्या दशकात टॅलिएसिन हे नाव मिळालं. १९६१ मध्ये त्याच इंजिनाचं नाव ‘अर्ल ऑफ मेरिओनेथ’ झालं. १९७१ ला ते निवृत्त झालं, पुढे मूळ नाव परत घेऊन यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात गेलं. इकडे १९७९ मध्ये बांधलेल्या नव्या इंजिनाला अर्ल ऑफ मेरिओनेथ नाव दिलं, आणि १९९९ मध्ये आणखी एक टॅलिएसिन आलं. पाटी स्क्रूने बसते, काढता येते. नाव वाचून थांबायचं नाही. कोणत्या इंजिनाचं नाव, कोणत्या वर्षी?

हे किचकट वाटेल. वाटू दे. नेरळ-माथेरानवरचा माझा एक लेख एका दिवाळी अंकाने याच पायी परत पाठवला. बांधकाम १९०४ ला लागलं आणि गाडी १९०७ ला सुरू झाली, असं मी लिहिलं होतं. त्यांना चौकटीत एकच साल हवं होतं. मी नाही म्हणालो. पुढे त्या विषयावरचं पुस्तकही राहून गेलं. बरोबरीच्या लोकांची पुस्तकं कपाटात दिसतात तेव्हा वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू? घरचे म्हणतात, एका सालाने काय बिघडलं असतं? त्यांना मी समजावू शकलो नाही. पण तेव्हा मान तुकवली असती, तर आज तुला हे सांगायला मला तोंड राहिलं नसतं. मी बरोबर होतो, अजूनही तसंच वाटतं.

गेजबद्दल, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतराबद्दल, तू लिहिलंस, ‘माथेरानसारखीच दोन फुटी.’ बोलताना चालेल. तक्त्यात नाही. माथेरानचं गेज २ फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर. फेस्टिनिऑगचं १ फूट ११½ इंच, ५९७ मिलिमीटर. ‘दोन फुटी’ हे गटाचं नाव आहे, मोजलेलं माप नव्हे. चाकं दुरुस्त करणाऱ्या माणसाला अर्धा इंच म्हणजे काय ते विचारून बघ.

रागावलो असं समजू नकोस. चार सालं समोर आल्यावर सोयीचं एक उचलून तू पुढे गेली नाहीस, अडलीस, म्हणून तर एवढं लिहितोय.

तक्ता पुन्हा कर. प्रत्येक सालापुढे ‘कशाचं’ हा रकाना, आणि तो रिकामा असेल तर ते साल मजकुरात घ्यायचं नाही. फोटोची मागची बाजूही स्कॅन करून पाठव, तिथे तारीख किंवा शिक्का असू शकतो. आणि लांबी अजून लिहू नकोस. वीजप्रकल्पाच्या तलावात जुन्या मार्गाचा एक तुकडा बुडाला, म्हणून डुआल्टजवळ चक्राकार वळसा आणि पुढे नवा बोगदा घेऊन मार्ग वळवावा लागला. तुझ्याकडचे मैल जुन्या मार्गाचे की नव्या, ते आधी नकाशावर बघ, मग फोन कर.