पॅड बदलायचे की डिस्कसुद्धा?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक ४२ हजार किमी चाललीय, चिपळूण-कराड येणंजाणं नेहमीचं, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. हल्ली ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक कर्कश आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो पॅड आणि डिस्क दोन्ही बदला, मेव्हणे म्हणतात डिस्क कशाला, नुसते पॅड टाक. कोणाचं ऐकू?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : दोघांचंही लगेच ऐकू नका, आधी मोजमाप मागा. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती आणि पॅड म्हणजे ब्रेक दाबला की तिला दोन्ही बाजूंनी आवळणारे ठोकळे. किलोमीटरवरून पॅडचं काही ठरत नाही. हायवेला चालणारी गाडी त्याच पॅडवर खूप लांब जाते आणि रोज घाट उतरणारी त्याच्या निम्म्यातच पॅड संपवते.

तो बारीक आवाज बहुतेक पॅडवरच्या पत्र्याच्या पट्टीचा असणार. बऱ्याच पॅडना ती मुद्दामच लावलेली असते, पॅडचं घासणारं मटेरियल झिजत आलं की ती डिस्कला घासते आणि ओरडते, म्हणजे अजून थोडा वेळ आहे पण आता टाळू नका. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंज येतो तेव्हाही सकाळी आवाज येतो, पण तो चार-पाच ब्रेक मारले की जातो, तुमचा जात नाहीये ना, मग चाक काढून बघायलाच हवं. आणि खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आवाज आला तर मात्र घाटात गाडी घालूच नका, तिथे पॅड संपलेला असतो आणि त्याची मागची प्लेट डिस्क खात असते.

नवीन पॅडचं मटेरियल साधारण १० ते १२ मिमी असतं, ३ मिमीवर आलं की बदलायचं. ही जाडी फक्त मटेरियलची, मागची लोखंडी प्लेट त्यात धरायची नाही. अलॉयच्या फटीतून मोबाईलचा टॉर्च मारला की बाहेरचा पॅड दिसतो आणि लोक तेवढ्यावर खूश होतात, पण कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या, सरकत्या पिना जाम झाल्या असतील तर आतला पॅड कितीतरी जास्त झिजलेला असतो आणि तो बाहेरून नीट दिसत नाही. म्हणून चाक काढूनच बघा, दोन्ही बाजूंचं.

आता डिस्क. प्रत्येक डिस्कची कमीतकमी जाडी ठरलेली असते, ती बहुतेक डिस्कवरच कोरलेली असते, नाहीतर सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. गंजाखाली लपली असेल तर वायर ब्रशने घासून बघा. समजा नवी डिस्क २२ मिमीची असेल तर मर्यादा २० च्या आसपास असते, म्हणजे झिजायला जागा फार नसतेच. मोजताना मायक्रोमीटरनेच मोजायला सांगा, कारण झिजलेल्या डिस्कच्या कडेला न झिजलेला काठ उरतो आणि साधा व्हर्नियर त्या काठावर बसून जाडी जास्त दाखवतो. चार-पाच ठिकाणी मोजा. आकडा मर्यादेच्या वर, तडा नाही, नख अडकेल असे खोल चरे नाहीत, ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत नाही, मग मेव्हण्यांचं बरोबर, नुसते पॅड टाका. आकडा मर्यादेला टेकला असेल तर गॅरेजवाल्याचं बरोबर, तिथे पैसे वाचवू नका, पातळ डिस्क लवकर तापते आणि घाटात तापलेला ब्रेक दाबूनही नीट लागत नाही. डिस्क लेथवर मारून, म्हणजे घासून सपाट करून देतो म्हणाले तर मारल्यानंतरची जाडी विचारा, तीही मर्यादेच्या वरच हवी.

काहीही बदललं तरी पुढच्या दोन्ही चाकांचं एकदम बदला, एका बाजूचं बदललं तर ब्रेक मारताना गाडी एकीकडे ओढते. पिना साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावून घ्या. नवीन पॅडवर पहिले दोनतीनशे किमी अगदीच गरज नसेल तर करकचून ब्रेक नको.

प्रश्न : ब्रेक ऑईल मिनिममच्या जवळ आलंय, लीक कुठे नाही. टॉप-अप करू?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी पॅड बघा. पॅड झिजले की त्यांना ढकलणारे कॅलिपरमधले पिस्टन बाहेर सरकतात आणि टाकीतलं ऑईल आपोआप खाली जातं. आता भरलंत आणि नंतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे दाबले की ते वर येऊन सांडेल, रंगावर पडलं तर रंग खराब करतं. पॅड नवे असूनही लेव्हल उतरत असेल तर लीक आहेच, टाकी भरत बसू नका, गाडी दाखवा.