मोटरच्या कॉइलमध्ये तारेचे इतके वेढे काहून देतात?
भाऊ, सरळ तारेतून करंट गेला तरी तिच्याभोवती गोल गोल चुंबकीय क्षेत्र तयार होतेच, 1820 मध्ये ओरस्टेड नावाच्या शास्त्रज्ञानं होकायंत्राची सुई हललेली पाहून हेच पकडलं होतं, पण ते लय कमजोर राहते. तार गुंडाळली की सगळ्या वेढ्यांचं क्षेत्र आतमधी एकाच दिशेनं येते अन् त्याची बेरीज होते, मधात लोखंड टाकलं तर मग विचारूच नका. विहिरीवरच्या स्टार्टरचं हिरवं बटन दाबल्यावर खट्ट आवाज येते ना? ते कॉइलनं लोखंडाचा तुकडा ओढला, लाइन गेली की सोडून देते. वेढ्यांतला करंट एकमेकात जाऊ न देणारं तारेवरचं वार्निश जळलं तर वेढे आपसातच शॉर्ट होतात, आमची मोटर अशीच ऐन हरभऱ्याच्या ओलितात बसली होती.