सामान बांधताना आणि उघडताना झालेल्या गमती: नागपूर ते पुणे

घर बदलताना सामान बांधण्यात किंवा उघडण्यात झालेली एखादी गमतीदार फजिती सांगाल का, असा आपला प्रश्न आहे. एकच सांगून भागणार नाही, कारण आमच्या शेवटच्या स्थलांतरात एकातून दुसरी अशा त्या निघत गेल्या.

माझे यजमान राज्य शासनाच्या सेवेत अभियंता आहेत, त्यामुळे विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर ही म्हण आमच्या घराने पुरेपूर अनुभवली आहे. २००५ च्या बदल्यांच्या कायद्याप्रमाणे एका पदावरचा कार्यकाळ सर्वसाधारणपणे ३ वर्षांचा असतो आणि बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात, म्हणून मुलाच्या निकालाबरोबर बदलीच्या आदेशाचीही वाट पाहण्याची आम्हाला सवय आहे. पहिली पाच बिऱ्हाडे आम्ही स्वतःच हलवली. वाण्याकडून आणलेली खोकी, गोणपाट, सुतळी आणि जुन्या चादरींची गाठोडी, एवढ्यावर सगळे निभावले आणि फारसे काही बिघडले नाही, कारण बांधणारे हात आणि सोडणारे हात एकच होते. सहाव्या वेळी, नागपूरहून पुण्याला येताना, सामान बांधून पोहोचवणाऱ्या एका कंपनीकडे काम सोपवले आणि ही साखळी तुटली. मी पुढे जे सांगणार आहे त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ तिथेच आहे.

सकाळी आठ वाजता चार मुले आली. सासूबाईंनी त्यांना बजावले, "स्वयंपाकघरातले काही म्हणता काही मागे ठेवू नका." त्यांनी ते मनापासून पाळले. सुमारे ७०० किलोमीटरचा रस्ता, वाटेत इतरांचेही सामान चढवत-उतरवत येणारा ट्रक आणि मे महिन्याचे ऊन, यात तीन दिवस गेले. पुण्यात खोकी उतरली तेव्हा एक विलक्षण वास सुटला होता. सासूबाईंनी निघण्याच्या आठवडाभर आधीच पाच किलो कैऱ्यांचे लोणचे घातले होते, त्यामुळे तेच नासले असणार या कल्पनेने त्यांचा चेहरा उतरला. तिन्ही बरण्या शोधून उघडल्या, तर हिंग-मोहरीचा नेहमीचा खमंग वास आला. शेवटी 'किचन, नाजूक' असे लिहिलेल्या खोक्यापाशी सगळे थांबलो. आत फुग्यांच्या प्लास्टिकचे तीन वेढे होते, त्यावर चिकटपट्टी होती आणि ते सगळे सोडवल्यावर निघाला आमचा कचऱ्याचा डबा, झाकणासकट आणि आदल्या रात्रीच्या खरबुजाच्या सालींसकट. चहाचा चोथा आणि कांद्याची टरफलेही जशीच्या तशी होती. त्या मुलांना मी अजिबात दोष देत नाही. घरात नांदणाऱ्या माणसाला जो कचरा दिसतो, तो बाहेरून आलेल्याला केवळ भरलेला डबा दिसतो. तेव्हापासून ओळखीत कोणी घर हलवत असले, की आदल्या रात्री कचऱ्याचा डबा रिकामा करून, धुऊन उन्हात ठेवा, हे मी आवर्जून सांगते.

त्याच संध्याकाळी नव्या घरात दूध उतू घालायचे होते. देव आम्ही तांदळाच्या डब्यात ठेवून रेल्वेने मांडीवरून आणले होते, त्यामुळे ते हाताशी होते. पण निरांजनासाठी काडेपेटी खोक्यात होती आणि खोके उघडण्याची कात्री दुसऱ्या खोक्यात. समोरच्या दारातल्या काकूंनी काडेपेटी आणि सुरी दिली, तीही आम्ही मागण्याआधी, कारण आमचे बोलणे त्यांना जिन्यातून ऐकू आले होते. नागपूरची गॅस जोडणी जमा करून तिचा कागद आणला होता; पुण्यातला १४.२ किलोचा सिलिंडर दोन दिवसांनी मिळणार होता, तोवर विजेच्या इंडक्शन शेगडीवर काम भागवायचे होते. सासूबाईंनी त्यांच्या सासूबाईंपासून चालत आलेले पितळी पातेले शेगडीवर ठेवले. शेगडी नुसतीच टीं-टीं करत राहिली. ही शेगडी स्वतः तापत नाही. तिच्या चुंबकीय क्षेत्रामुळे भांड्याचा तळ तापतो आणि त्यासाठी तळ लोहचुंबक चिकटेल अशा धातूचा असावा लागतो. पितळेला चुंबक चिकटत नाही. दुसरे पातेले वापरा म्हटले, तर सासूबाई ऐकेनात, आणि मला त्यांचे म्हणणे पटतही होते, कारण आमच्या प्रत्येक घरात पहिले दूध याच पातेल्यात उतू गेले होते. आठवीतल्या मुलाने तोडगा काढला: भाकरीचा सपाट लोखंडी तवा शेगडीवर ठेवायचा आणि पातेले तव्यावर. तवा तापला, तव्याने पितळ तापवले आणि पाऊण तासाने दूध काठापर्यंत चढले. आम्ही पाचही जण त्या पातेल्याभोवती श्वास रोखून उभे होतो. साय फुगली, एका बाजूने फाटली आणि दूध तव्यावर सांडून चर्रर्र आवाज झाला, तेव्हा मुलाने टाळ्या वाजवल्या. करपलेल्या दुधाचा तो वास मला आजही कोणत्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे.

कपडे धुण्याच्या यंत्राची गोष्ट मात्र जरा घाबरवणारी होती. समोरून दार उघडणाऱ्या यंत्राचे पिंप आत स्प्रिंगांवर लटकते ठेवलेले असते, आणि प्रवासात ते आपटू नये म्हणून मागच्या बाजूने लांब बोल्ट घालून घट्ट जखडतात. हे बोल्ट मी सहा वर्षे जपून ठेवले होते आणि ते त्या मुलांनी नागपुरात नीट बसवलेही. पुण्यात ते काढायचे, हे कोणाच्याच डोक्यात आले नाही. चौथ्या दिवशी चादरी टाकून यंत्र सुरू केले; पाणी भरेपर्यंत सगळे शांत होते, पण पिळण्याचा वेग आला तशी फरशी हादरू लागली आणि ते धूड एकेक पाऊल टाकत न्हाणीघरातून बाहेर निघाले. सासऱ्यांनी, म्हणजे अण्णांनी, दोन्ही हातांनी ते धरून ठेवले, यजमानांनी बटण बंद केले, आणि तेवढ्यात सांडपाण्याची नळी सुटून दिवाणखान्यात पाणी आले. सुदैवाने यंत्र बिघडले नाही. आता बोल्ट बसवले, की दारावर चिठ्ठी चिकटवायची, असे ठरले आहे.

खोकी उघडायला तीन आठवडे लागले, आणि त्याचे एक गोड कारण अण्णा होते. कपबश्या नागपूरच्या जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेल्या होत्या. अण्णा प्रत्येक चुरगळलेले पान मांडीवर सरळ करून वाचायचे, आणि एखाद्या बातमीचा उरलेला भाग पुढच्या पानावर असला, की ते पान कोणत्या बशीला आहे याचा शोध सुरू व्हायचा.

खोक्यांवर काय लिहावे, असेही आपण विचारले आहे. खोलीचे नाव पुरेसे नसते. आतल्या दोन-तीन वस्तूंची नावे लिहावीत आणि ती बाजूवर लिहावीत, कारण खोकी एकमेकांवर चढली, की वरचे अक्षर झाकले जाते. कात्री, काडेपेटी, औषधे, फोनचे चार्जर आणि एक पातेले असलेली पिशवी ट्रकमध्ये चढवूच नये.

एवढे होऊनही लोखंडी खलबत्ता आणि चांदीचा हळदी-कुंकवाचा करंडा काही सापडला नाही. यादीतली सगळी खोकी उघडून झाली होती, त्यामुळे ते हरवले असे धरून मी नवा खलबत्ता घेतला. करंड्याविषयी सासूबाई काही बोलत नसत, पण दर शुक्रवारी त्यांना त्याची आठवण यायची, हे मला कळत असे. पुढच्या एप्रिलमध्ये गच्चीतला नागपुरी कूलर भंगारात द्यायचे ठरले. विदर्भात त्याच्याशिवाय उन्हाळा काढणे कठीण. इथे मात्र आम्ही तो एकदाही लावला नव्हता. भंगारवाल्याने तो हलवून पाहिला आणि विचारले, "ताई, यात पाणी आहे का?" मागची जाळी काढली, तर टाकीत आमच्या चादरीत गुंडाळलेला खलबत्ता होता आणि त्याच्या पोटात करंडा. ट्रकमधली जागा वाया जाऊ नये म्हणून त्या मुलांनी पोकळी भरून काढली होती आणि यादीत लिहिले होते, 'कूलर, १ नग'. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

सासूबाईंनी तिथेच उभे राहून करंडा पदराने पुसला. चैत्रगौरीचे हळदीकुंकू आठ दिवसांवर होते; त्या दिवशी पहिले कुंकू समोरच्या काकूंना लावले आणि नवा खलबत्ता त्यांना देऊन टाकला.