हेतू कुठे तुटला ते दाखव

प्रिय मित्रा,

सप्रेम जय भीम. कॉलेजच्या वादविवाद स्पर्धा गाजवलेल्या मुलांना बौद्ध न्याय, म्हणजे बौद्धांचं तर्कशास्त्र, शिकायला इतरांपेक्षा जरा जास्तच वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो. स्पर्धेत पाच मिनिटं सलग बोलता येतं आणि टाळ्या पडल्या की मुद्दा चालून जातो. इथे एका वेळी एकच वाक्य बोलायचं, आणि समोरच्यानेही मोजक्या ठरलेल्या उत्तरांतलंच एक द्यायचं. वक्तृत्व काही महिने खुंटीला टांगून ठेव.

वाचायला सुरुवात ‘प्रमाणवार्त्तिका’ने करू नकोस. नाव मोठं म्हणून सगळे तिकडेच धावतात आणि पन्नासाव्या कारिकेच्या (श्लोकाच्या) आत थकतात. सुमारे साडेचौदाशे कारिकांचा धर्मकीर्तीचा तो ग्रंथ, त्याच्या आधीचा आचार्य दिङ्नाग वाचलेल्यांसाठी आहे. आधी शंकरस्वामीचं ‘न्यायप्रवेश’ घे. थोडक्या पानांचं आहे आणि त्यात ३३ दोष उदाहरणांसह दिले आहेत: ९ पक्षाभास (मांडलेल्या विधानाचे दोष), १४ हेत्वाभास (हेतूचे, म्हणजे दिलेल्या कारणाचे), १० दृष्टान्ताभास (दाखल्याचे). पैकी १४ हेत्वाभास (४ असिद्ध, म्हणजे हेतूच लागू नाही; ६ अनैकान्तिक, म्हणजे काहीच ठरत नाही; ४ विरुद्ध, म्हणजे उलटंच सिद्ध होतं) उदाहरणांसकट तोंडपाठ कर, बाकीचे सावकाश येतील. त्यानंतर धर्मकीर्तीचं ‘न्यायबिंदू’, धर्मोत्तराच्या टीकेसह. पाली तुला येतं, ते ‘कथावत्थु’ हा पाली वादग्रंथ वाचताना उपयोगी पडेल. पण न्यायाचे हे ग्रंथ संस्कृतात आहेत, तेव्हा निदान समास आणि पंचमी विभक्ती पक्की हवी. हेतू पंचमीतच येतो.

आता मुख्य गोष्ट. हेतू खरा ठरायला तीन अटी लागतात: तो पक्षावर (ज्याविषयी बोलतोय त्यावर) असला पाहिजे, सपक्षात (सिद्ध करायची गोष्ट जिथे आहेच अशा इतर ठिकाणी) कुठेतरी सापडला पाहिजे आणि विपक्षात (ती गोष्ट जिथे नाही तिथे) कुठेच सापडता कामा नये. हे पाठ व्हायला पाच मिनिटं पुरतात, वापरताना मात्र पहिल्याच अटीवर माणूस घसरतो. कोराडीच्या वीज केंद्राचे कूलिंग टॉवर घे. ‘तिथे आग आहे, कारण तिथून धूर निघतोय’ असं कोणी म्हटलं तर नव्वद टक्के ऐकणारे मान डोलावतील. पण टॉवरच्या तोंडातून निघते ती वाफ. म्हणजे हेतू पक्षावर नाहीच, तो असिद्ध झाला. वाफ की धूर अशी शंका असताना तेच धूर म्हणून पुढे केलं, तर ‘न्यायप्रवेश’ त्याला संदिग्धासिद्ध म्हणतं आणि उदाहरणही वाफेचंच देतं. गंमत अशी की कोराडीत आग आहेच, बॉयलर पेटलेला असतो. निष्कर्ष खरा आणि हेतू खोटा. नवशिक्याला इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो, कारण निष्कर्ष पटलेला असला की हेतू तपासायचा त्याला कंटाळा येतो. आपल्याकडच्या चर्चांमध्ये निम्मा गोंधळ याचाच असतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीसाठी दिङ्नागाचं हेतुचक्र वहीत आखून ठेव, नऊ घरांचं. हेतू सपक्षात सगळीकडे, कुठेच नाही किंवा काही ठिकाणी. विपक्षातही तसेच तीन प्रकार. वरच्या ओळीत सपक्षात ‘सगळीकडे’, मधल्या ओळीत ‘कुठेच नाही’, खालच्या ओळीत ‘काही ठिकाणी’. विपक्षाचे तीन प्रकार याच क्रमाने डावीकडून उजवीकडे. नऊपैकी दुसरं आणि आठवं घर बरोबर, चौथं आणि सहावं विरुद्ध, उरलेली पाच अनैकान्तिक. धूर आणि आग हे आठव्या घरातलं: लोहाराच्या तापलेल्या लोखंडात आग आहे पण धूर नाही, तरी हेतू बिघडत नाही. ‘सगळ्या सपक्षात सापडला पाहिजे’ असा गैरसमज इथे बहुतेकांचा होतो. रोज पेपरमधलं एक विधान उचल आणि त्याचं घर शोध. ‘हे फळ संत्रं आहे, कारण ते केशरी आहे’ हे कुठे बसतं? काही संत्री हिरवट असतात आणि संत्रं नसलेलीही काही फळं केशरी असतात, म्हणून नववं घर, अनैकान्तिक. अशी पन्नासेक विधानं हातावेगळी झाली की हेतूवर नजर बसते.

धर्मकीर्ती इथून पुढे जातो. विपक्षात हेतू दिसला नाही, एवढ्यावर व्याप्ती (हेतू जिथे, तिथे सिद्ध करायची गोष्ट असतेच हा नियम) ठरत नाही, असं तो बजावतो आणि दाखला देतो भाताच्या हंडीचा: चार दाणे शिजलेले दिसले म्हणून सगळा भात शिजला असं म्हणता येत नाही. म्हणजे आपण ‘शितावरून भाताची परीक्षा’ म्हणतो, तोच अनुमानाचा नमुना त्याने सदोष ठरवला आहे. व्याप्तीला आधार हवा तो स्वभावाचा (शिंशपा नावाचं झाड आहे म्हणजे वृक्ष आहेच) किंवा कार्यकारणाचा (धूर आगीपासूनच होतो). कोणी ‘आमच्या वस्तीत असंच होतं’ म्हणाला की विचार: या दोन्हींतला कोणता? उत्तर नसेल तर ते शीतच.

तिसरा हेतू अनुपलब्धी, म्हणजे न आढळणं. नागपुरात अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या तरुणांची कमी नाही, आणि त्यांचं लाडकं वाक्य असतं: भूत नाही, कारण कुणाला दिसलं नाही. धर्मकीर्ती हे चालवून घेत नाही. टेबलावर घडा नाही, हे न दिसण्यावरून सिद्ध होतं, कारण असता तर दिसलाच असता. जे स्वभावानेच दिसण्याजोगं नाही असं समोरचा मानतो, ते दिसलं नाही म्हणून फक्त संशय उरतो. तिथे वाद दुसरीकडे न्यावा लागतो: भुतामुळे अमुक झालं असा दावा असेल तर ते कार्य पकड, त्याचं कारण दुसरं निघतं का ते बघ.

ग्रंथाचा दाखला हेतू म्हणून देऊ नकोस. दिङ्नाग-धर्मकीर्ती दोनच प्रमाणं (ज्ञानाची साधनं) मानतात, प्रत्यक्ष आणि अनुमान. समोरचा जे मानत नाही त्यावर उभा केलेला हेतू अन्यतरासिद्ध होतो. त्रिपिटकातलं वचन असो की बाबासाहेबांचं वाक्य, त्यामागचं कारण बाहेर काढून मांड, ते चालेल. आणि कालामसुत्त (बुद्धाचा कालामांना उपदेश) ऊठसूट तर्काच्या बाजूने फडकवणाऱ्यांनी त्यातली दहा पदं एकदा पूर्ण वाचावीत. ‘मा तक्कहेतु’ (नुसत्या तर्कावरून मानू नका) हेही त्यातलंच एक आहे.

आता सरावाची बैठक. तिघं हवेत: एक उत्तर देणारा, एक प्रश्न करणारा, एक मध्यस्थ. १५ मिनिटांनी भूमिका बदला, म्हणजे पाऊण तासात प्रत्येकाची तिन्ही कामं होतात. प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं विधान, कागदावर लिहून मध्ये ठेवा, नाहीतर दहाव्या मिनिटाला ती बदललेली असते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. हे प्रतिज्ञान्तर, न्यायसूत्रातल्या २२ निग्रहस्थानांपैकी (वादात हार ठरवणाऱ्या चुकांपैकी) एक. त्यातले आणखी दोन नियम मध्यस्थाने कडक लावावेत. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिवाद्याला कळलं नाही, तर दोष बोलणाऱ्याचा. सभेला कळलं, तीनदा सांगून झालं, तरी प्रतिवाद्याला ते परत सांगता येईना, तर दोष त्याचा. धर्मकीर्तीने ‘वादन्याया’त ही बावीसची यादी मोडीत काढून दोनच ठेवली आहेत, पण शिकताना जुनी यादी बरी.

उत्तरांसाठी तिबेटी मठांची पद्धत घ्या. तिथे उत्तर देणारा बसतो, प्रश्न करणारा उभा राहून टाळी देत प्रसंग (समोरच्याच्याच मतातून निघणारी अडचण) टाकतो. उत्तरं चार: मान्य, का, हेतू असिद्ध, व्याप्ती नाही. पाचवं नाही. ‘म्हणजे बघा, एका अर्थी...’ म्हटलं की मध्यस्थाने थांबवायचं. समजा कोणी म्हणाला, जो जो रंग तो तो लाल. तू म्हणायचं: पांढऱ्या शंखाचा रंग लाल ठरेल, कारण तो रंग आहे. हेतू असिद्ध म्हणता येत नाही, तो रंग आहेच. व्याप्ती नाही म्हटलं तर त्याचीच प्रतिज्ञा गेली. मान्य म्हटलं तर पांढरा रंग लाल. नुसती टाळी वाजवायची नक्कल पहिल्या दिवशीपासून करू नका. आवाज वाढतो आणि विचार मागे राहतो. खरी पद्धत बघायची असेल तर कर्नाटकात मुंडगोडला ड्रेपुंग आणि गांदेन किंवा बैलकुप्प्याला सेरा मठात जा; वादाचं अंगण तिथे बघायला मिळेल.

पहिल्या बैठकीला ही प्रतिज्ञा घ्या: शब्द (ध्वनी) नित्य आहे, कारण तो ऐकू येतो. सपक्ष आणि विपक्षाची यादी आधी करा, मग घर शोधा. उत्तर देणाऱ्याच्या जागी आधी तू बस. कोणतं घर निघालं आणि ते विरुद्ध का म्हणता येत नाही, ते लिहून पाठव.

तुझा,
एक वडीलधारा मित्र