घर आधी ठरव, सीडीएल मागून येईल

प्रिय मित्रा,

‘सीडीएल टेक्सासचं काढू की कॅलिफोर्नियाचं?’ हा तुझा प्रश्न जरा उलटा आहे. अमेरिकेत सीडीएलसाठी, म्हणजे ट्रक चालवायच्या व्यावसायिक लायसन्ससाठी, सोयीचं राज्य निवडता येत नाही. तुझं कायमचं घर जिथे, फेरी संपली की जिथे परतायचं, तेच राज्य लायसन्स देतं. याला तिथेही डोमिसाइलच म्हणतात. फक्त महाराष्ट्रासारखी १५ वर्षांच्या रहिवासाची अट नाही. घर दुसऱ्या राज्यात हलवलंस की ३० दिवसांच्या आत सीडीएल तिकडे वळवायला अर्ज करायचा. दोन राज्यांची दोन लायसन्सं बाळगणं बेकायदा आहे, आणि सगळ्या राज्यांची नोंद एकमेकांशी जोडलेली असल्याने ते लपतही नाही.

आता कराचं. टेक्सास, फ्लोरिडा, टेनेसी, नेवाडात पगारावर राज्याचा प्राप्तिकर नाही, हे तू ऐकलंस ते खरं. अनेक राज्यांतून नेमाने गाडी नेणाऱ्या नोकरदार ड्रायव्हरच्या पगारावर फक्त त्याच्या राहत्या राज्याला कर लावता येतो, असा केंद्राचा कायदाच आहे. पण हा फायदा तिथे राहिल्याने मिळतो, लायसन्सवरच्या पत्त्याने नव्हे. बायको-मुलं कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नोत आणि लायसन्स नेवाडाचं, असं केलंस तर कॅलिफोर्नियाचं करखातं तुला आपलाच रहिवासी धरेल. नुसत्या टपालपेटीच्या पत्त्यावर तर मुळीच विसंबू नकोस. राहत्या घराच्या पत्त्याचा कागद लागतो.

काही जण घरच सोडून ट्रकमध्ये राहतात. भाडं वाचतं, पण पुढे स्वतःची गाडी घेतलीस की हेच अंगाशी येतं. घराबाहेरच्या दिवसाला जेवणखर्च ८० डॉलर धरून त्याच्या ८० टक्के, म्हणजे ६४ डॉलर, उत्पन्नातून वजा करता येतात. वर्षात असे २५० दिवस भरले तर १६,००० डॉलर. पण ज्याला घरच नाही तो ‘घराबाहेर’ कसा असेल? करखातं ही वजावट नाकारतं.

वय २१ च्या आत असेल तर राज्याचा प्रश्न आणखी नाजूक होतो. १८ व्या वर्षी सीडीएल मिळतं, पण सहसा राज्यांतर्गत वाहतुकीपुरतंच. यात एक खोच आहे: ह्यूस्टन बंदरात परदेशातून उतरलेला कंटेनर डॅलसला नेलास, तर टेक्सासची हद्द न ओलांडताही ती आंतरराज्य वाहतूक ठरते. मालाचा प्रवास बाहेरून सुरू झाला, एवढंच पाहतात. तेव्हा वाळू, काँक्रीट, दूध, शेतमाल अशी स्थानिक कामं घराजवळ कितपत आहेत ते आधी बघ.

कंपनीला फोन करशील तेव्हा पहिला प्रश्न हा विचार: ‘माझ्या पिन कोडवरून भरती करता का?’ तुझ्या घरावरून त्यांचे लोड जात नसतील तर होम टाइम, म्हणजे फेऱ्यांमधली घरची सुट्टी, कागदावरच राहील.

लर्नर परमिट घरच्या राज्याचंच लागतं आणि ते मिळाल्यावर किमान १४ दिवस थांबल्याशिवाय ड्रायव्हिंग टेस्ट देता येत नाही. ट्रेनिंग स्कूल दुसऱ्या राज्यात चालतं, मात्र केंद्राच्या यादीत त्याचं नाव हवं. ते राज्य बाहेरच्यांची टेस्ट घेतं का, हे फी भरण्याआधी विचार. परमिट ते टेस्ट या काळात घर हलवू नकोस. बहुतेकदा लेखी परीक्षेपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. हॅझमॅटचंही, म्हणजे धोकादायक माल नेण्याच्या परवानगीचंही, तसंच. राज्य बदलताना ती लेखी परीक्षा पुन्हा द्यावी लागू शकते, म्हणून सहा महिन्यांत हलायचं असेल तर ते नव्या राज्यातच काढ. ऑटोमॅटिक गाडीवर टेस्ट दिलीस तर मॅन्युअलची बंदी मात्र कुठेही गेलास तरी सोबत येते.

ग्रीन कार्ड असेल तर हे सगळं तुला लागू. नुसता वर्क व्हिसा असेल तर २०२५ पासून नियम फार कडक झालेत. आधी राज्याच्या लायसन्स कार्यालयात चौकशी कर, मग स्कूलचे पैसे भर.

तुझा हितचिंतक