आधी प्रवाह, मग सीमारेषा

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

नागपुरात राहून समुद्राचं काम कसं करायचं, असं विचारतेस. इथे राहून ते जमणार नाही, हा घरच्यांचा सूर मला समजतो, पण माझं मत वेगळं आहे. खोल समुद्रातल्या प्रवाळांसाठी संरक्षित क्षेत्रं आखायला शिकायचं असेल, तर सुरुवातीची एक-दोन वर्षं इथेच बसून उत्तम जातील. तुझं गणित पक्कं आहे आणि या कामाचा गाभा पाण्याच्या हालचालीत आहे. ती हालचाल टिपणारे आर्गो फ्लोट, म्हणजे समुद्रात सोडलेली स्वयंचलित तरंगती यंत्रं, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येतात, येताना तापमान आणि क्षारता मोजतात. ती सगळी माहिती फुकट मिळते. भारताच्या फ्लोटांचं काम हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक सरकारी संस्थेकडे आहे.

आता मूळ गोष्ट. उथळ पाण्यातल्या प्रवाळाला त्याच्या अंगातलं शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न करून देतं. लोफेलियासारखं खोल पाण्यातलं प्रवाळ काळोखात वाढतं. त्याच्याकडे शैवाल नाही, जागचं हलताही येत नाही. प्रवाहासोबत येणारे बारीक जीव आणि कण पकडायचे, एवढंच त्याच्या हातात. प्रवाह मंदावला की उपास. फारच जोरात आला, तरी पकडलेला घास हातचा जातो. म्हणून हे प्रवाळ अनेकदा समुद्रातल्या कडांवर आणि उंचवट्यांवर सापडतं, जिथे पाणी वळतं आणि वेग धरतं. नॉर्वेजवळचा रोस्ट प्रवाळपट्टा २००२ मध्ये सापडला. तो तीनशे-चारशे मीटर खोलीवर आहे आणि पस्तीस किलोमीटरहून लांब आहे.

पिल्लंही प्रवाहाच्याच भरवशावर. लोफेलियाची अळी सेकंदाला मिलिमीटरभरसुद्धा पोहत नाही, पण पाण्यात कित्येक आठवडे टिकते. तेवढ्या काळात पाणी तिला कुठल्या कुठे नेतं. तू पेंचजवळ वाढलीस, तुला वाघांचा कॉरिडॉर समजवायला नको. पेंच आणि कान्हा दोन्ही राखले आणि मधलं जंगल गेलं, तर काय होतं ते तू जाणतेस. समुद्रातला कॉरिडॉर प्रवाहाचा असतो. फरक एकच, आणि तो मोठा आहे: वाघ परत फिरू शकतो, अळी शकत नाही. म्हणून प्रवाहाच्या वरच्या अंगाला असलेली, अळ्या पुरवणारी वस्ती गेली, तर खालच्या वस्त्यांना कितीही संरक्षण दिलं तरी त्या हळूहळू रिकाम्या होत जातात. नकाशावर चौकोन काढण्याआधी पाणी कुठून येतं ते बघ, असं मी सारखं म्हणतो ते यासाठी.

आणि ही वाट कायमची ठरलेली नसते. एडिनबरोच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या संरक्षित क्षेत्रांमधले लोफेलियाचे दुवे, म्हणजे अळ्यांच्या वाटा, प्रवाहांच्या संगणकी मॉडेलवर तपासले. वातावरणातल्या दाबाचा कल पालटला, वारे बदलले, की तेच जाळं विरळ होतं, असं त्यात दिसलं. एका वर्षाच्या प्रवाहांवर योजना आखणं धोक्याचं आहे ते इथे कळतं. आपल्या अरबी समुद्रात तर किनाऱ्यालगतचा प्रवाह पावसाळ्यात दक्षिणेकडे आणि हिवाळ्यात उत्तरेकडे वाहतो.

मॉडेलवर मात्र डोळे झाकून विसंबू नकोस. जागतिक मॉडेल समुद्राचे चौकोन पाडतं, आणि त्यातला एक चौकोन आठ-नऊ किलोमीटरचा असतो. स्कॉटलंडच्या वायव्येला सुमारे हजार मीटर खोलीवर डार्विन माउंड्स आहेत. त्यातला एकेक टेकाड जेमतेम पंचाहत्तर मीटर रुंद आणि पाच मीटर उंच. मॉडेलला तो दिसणारच नाही. ते १९९८ मध्ये सापडले, आणि दोनच वर्षांनी घेतलेल्या पाहणीत तळावरून ओढलेल्या ट्रॉल जाळ्यांचे चरे आणि मोडलेली प्रवाळं दिसली. तिथे तळावर जाळी ओढायला कायमची बंदी आली २००४ मध्ये. वर्षाला जास्तीत जास्त दोन-तीन सेंटिमीटर वाढणारा जीव हे नुकसान कधी भरून काढणार? ठिकाण नक्की कळेपर्यंत थांबू नये, सावधगिरीची हद्द मोठी धरावी, या मताचा मी आहे.

माणसं विसरू नकोस. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं आणि स्थानिक मच्छीमारांचा विरोध आजवर मिटलेला नाही. संरक्षित क्षेत्रं निवडायला मदत करणाऱ्या मार्क्सानसारख्या संगणक-प्रणालीत 'किंमत' म्हणून जो आकडा भरतेस, त्यामागे कुणाचं तरी घर चालतं. तो आकडा भरण्याआधी त्या लोकांशी जाऊन बोल. यासाठी मात्र कोकणात जावंच लागेल.

सुरुवात आंग्रिया बँकेपासून कर. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवरचं हे बुडालेलं पठार. तिथलं प्रवाळ उथळ पाण्यातलं आहे, पण हात बसायला जागा चांगली. पायथनमध्ये पार्सल्स वापर (प्रवाहासोबत कण कुठे वाहत जातील ते संगणकावर काढणारी प्रणाली), जानेवारीत आणि जुलैत तिथून कण सोड, आठवडाभराने, महिन्याने कुठे पोचतात ते काढ. मग तेच कण पन्नास मीटर खाली सोडून बघ. नकाशे झाले की पाठव. कुठे अडलीस तेही लिही.

तुझा,
सर