अन्न कंपन्या पोषण आणि आरोग्याबद्दल जे बोलतात, ते तपासायचं कसं?

तुमचा प्रश्न असा आहे: मोठ्या खाद्यकंपन्या हल्ली पोषणावर परिषदा भरवतात, 'सामाजिक जबाबदारी'चे अहवाल छापतात, तज्ज्ञांना बोलावून जाहीर चर्चा करतात. विज्ञानाची पदवी नसलेल्या माणसाने त्यातली माहिती कुठली आणि जाहिरात कुठली हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी, खोटे आकडे शोधत बसू नका. ते सहसा सापडत नाहीत, कारण छापील खोटं बोलण्याचा धोका मोठी कंपनी क्वचितच पत्करते. आकडा खरा असतो. तो कशाने भागलाय, कशाशी ताडलाय आणि मुळात हाच प्रश्न चर्चेला का घेतलाय, मेख तिथे असते. त्यामुळे कुठलाही दावा समोर आला की मी पहिल्यांदा भाजक शोधतो.

पाकिटापासून सुरुवात करा, हिशोबाची सवय तिथेच लागते. पोषण-तक्त्यात साधारणपणे दोन रकाने असतात: दर १०० ग्रॅमला किती आणि दर सर्व्हिंगला, म्हणजे कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाट्याला, किती. दुसरा रकाना बोटाने झाका. सर्व्हिंग जितकी लहान, तितका प्रत्येक आकडा लहान. अमेरिकेत २००६ पासून लेबलवर ट्रान्स फॅट (मुख्यतः तेल हायड्रोजनने घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) छापणं सक्तीचं झालं, पण सर्व्हिंगमागे ०.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर ० छापायची मुभा होती. समजा एका सर्व्हिंगमध्ये ०.४ ग्रॅम आहे आणि पाकिटात पाच सर्व्हिंग आहेत. पाकीट संपवलं की २ ग्रॅम पोटात गेलं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा एकूण उष्मांकाच्या १ टक्का, म्हणजे २००० कॅलरींच्या आहारात जेमतेम २.२ ग्रॅम. लेबलवर मात्र शून्य, आणि तेही कायद्याला धरून. म्हणून 'अंशतः हायड्रोजनीकृत' तेल घटकांच्या यादीत दिसलं, की वरच्या शून्यावर भरवसा ठेवायचा नाही. डेन्मार्कने २००३ मध्ये भाजकच बदलला: १०० ग्रॅम स्निग्धांशामागे औद्योगिक ट्रान्स फॅट जास्तीत जास्त २ ग्रॅम. सर्व्हिंग कितीही लहान करा, तिथे सुटका नाही. (अमेरिकेने पुढे २०१५ मध्ये अंशतः हायड्रोजनीकृत तेलांची 'सुरक्षित' ही ओळखच काढून घेतली.)

साखरेचा हिशोबही असाच. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ची शिफारस आहे की मुक्त साखरेतून (वरून घातलेली साखर, शिवाय मध, पाक आणि फळांच्या रसातली) येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत. २००० कॅलरींचे १० टक्के म्हणजे २००. एक ग्रॅम साखरेच्या ४ कॅलरी. म्हणजे ५० ग्रॅम. कडक मर्यादा धरली तर २५. आता १०० मिलीला १०.६ ग्रॅम साखर असलेल्या पेयाची अर्ध्या लिटरची बाटली घ्या: ५३ ग्रॅम. त्याच बाटलीवर सर्व्हिंग २५० मिलीची धरली, तर छापलेला आकडा २६.५. 'साखर न घातलेलं' असं लिहिलेलं असलं तरी फळांच्या रसाचा अर्क किंवा मध घटकांत आहे का ते पाहा. त्यांतली साखरही 'मुक्त' साखरेतच धरली जाते. मिठासाठी सोडियमच्या मिलिग्रॅमला २.५ ने गुणायचं आणि १००० ने भागायचं, की मीठ ग्रॅममध्ये मिळतं. दिवसाची मर्यादा ५ ग्रॅम.

पाकिटाच्या पुढच्या बाजूच्या दाव्यांना दुसरा प्रश्न विचारा: तुलना कशाशी? केलॉग्जच्या फ्रॉस्टेड मिनी-व्हीट्सची जाहिरात सांगायची की या न्याहारीने मुलांची एकाग्रता जवळपास २० टक्के वाढते, आणि तसं प्रयोगातून सिद्ध झालंय. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये तो दावा उलगडून ठेवला. तुलना होती न्याहारी अजिबात न केलेल्या मुलांशी. त्यातही हे सीरिअल खाल्लेल्या जेमतेम निम्म्या मुलांत काही सुधारणा दिसली, आणि २० टक्के किंवा जास्त सुधारणा नऊ मुलांमागे सुमारे एकातच. उपाशी मुलापेक्षा खाल्लेलं मूल वर्गात जास्त लक्ष देतं, हे सांगायला प्रयोग कशाला हवा? खरी तुलना दुसऱ्या एखाद्या न्याहारीशी व्हायला हवी होती. 'अमुकने तमुक वाढतं' असं दिसलं की 'कशापेक्षा?' हा शब्द स्वतःच जोडा आणि उत्तर बारीक अक्षरांत शोधा.

'संशोधनातून सिद्ध' ही पुढची पायरी. शोधनिबंध उघडला की निष्कर्षाआधी शेवटचं पान वाचावं: निधी कोणाचा, लेखकांचे हितसंबंध काय, आणि निधी देणाऱ्याचा आराखडा, विश्लेषण व लेखन यांत हात होता का. 'निधी देणाऱ्याची कुठलीही भूमिका नव्हती' हे वाक्य स्पष्ट लिहिलेलं असावं. चाचणी सुरू होण्याआधी जाहीर नोंदवहीत नोंदवलेली असेल, तर नोंदणीत मुख्य निष्पत्ती (प्रामुख्याने काय मोजणार ते) कोणती लिहिली होती आणि निबंधात कोणती पुढे केली, हे ताडून बघा. वजनासाठी नोंदवलेली चाचणी शेवटी 'पोट भरल्याची भावना' मोजून आनंद साजरा करत असेल, तर वजनाचं काय झालं ते समजून घ्या.

याचा परिणाम किती होतो? २००७ मध्ये शीतपेयं, रस आणि दूध यांवरच्या २०६ लेखांची छाननी झाली. प्रत्यक्ष प्रयोगांपैकी जे पूर्णपणे उद्योगाच्या पैशावर झाले, त्यांत प्रतिकूल निष्कर्ष एकाचाही नव्हता; उद्योगाचा पैसा नसलेल्यांत असे ३७ टक्के होते. २०१३ मध्ये गोड पेयं आणि वजनवाढ यांवरचे आढावा-लेख तपासले गेले. हितसंबंध नसलेल्या १२ निष्कर्षांपैकी १० म्हणाले, संबंध आहे. हितसंबंध जाहीर केलेल्या ६ पैकी ५ म्हणाले, पुरावा अपुरा आहे. नमुना छोटा आहे, हे मान्य. पण विषय तोच आणि समोरचं साहित्यही बरंचसं तेच होतं. म्हणून कंपनीच्या पैशातून झालेला अभ्यास मी फेकून देत नाही, मात्र त्या एकाच अभ्यासावर मतही बनवत नाही.

आता सगळ्यात अवघड भाग. इथे भाजकही उपयोगाचा नाही, कारण इथे गणितच बदललेलं असतं. १९६७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये दोन भागांत एक आढावा छापून आला. हृदयरोगासाठी लक्ष चरबी आणि कोलेस्टेरॉलवर हवं, साखरेवरचा पुरावा कच्चा आहे, असा त्याचा रोख. त्यासाठी हार्वर्डच्या संशोधकांना शुगर रिसर्च फाउंडेशन या साखर उद्योगाच्या संस्थेने ६५०० डॉलर दिले होते, हे लोकांपुढे आलं २०१६ मध्ये, जुना पत्रव्यवहार तपासल्यावर. तेव्हा असे हितसंबंध जाहीर करण्याची त्या नियतकालिकाची अट नव्हती. ती आली १९८४ मध्ये. म्हणजे नियम मोडला म्हणावं तर नियमच नव्हता. आणि चरबीवर लिहिलेलं सगळं चूक होतं असंही नाही. पण बोट कुठे दाखवायचं हे ठरवून घेतलेलं होतं.

अलीकडचं उदाहरण ग्लोबल एनर्जी बॅलन्स नेटवर्कचं. लठ्ठपणाच्या चर्चेत खाण्यापेक्षा व्यायामावर भर देणारा हा शास्त्रज्ञांचा गट कोका-कोलाच्या १५ लाख डॉलरवर उभा होता. २०१५ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ते छापलं, कोलोरॅडो विद्यापीठाने १० लाख डॉलर परत केले आणि वर्ष संपायच्या आत गट गुंडाळला गेला. व्यायाम चांगला आहे, यात वाद कुणाचाच नाही. हा डाव चालतो तो त्यामुळेच. हिशोब मात्र करून बघा: वरच्या ५३ ग्रॅम साखरेच्या २१० च्या आसपास कॅलरी होतात. त्या जाळायला ७० किलोच्या माणसाला मध्यम गतीने पाऊण ते सव्वा तास चालावं लागतं. बाटली न पिण्याला काहीच वेळ लागत नाही. त्याच वर्षी कोका-कोलाने अशा कामांवरच्या २०१०पासूनच्या खर्चाची यादी स्वतः जाहीर केली: एकूण ११ कोटी ८६ लाख डॉलर. त्यातले संशोधनाला २ कोटी १८ लाख आणि उरलेले ९ कोटी ६८ लाख आरोग्य-संस्थांशी 'भागीदारी'ला. लोक संशोधनाच्या पैशावर नजर ठेवतात. मोठा ओघ भागीदारीकडे असतो, कारण सभेचं व्यासपीठ आणि सभेचा विषय तिथे ठरतो.

आता कंपन्यांच्या प्रतिज्ञा. अमेरिकेत २०१० मध्ये १६ कंपन्यांनी २०१५पर्यंत वर्षाला १.५ लाख कोटी कॅलरी कमी विकण्याचं वचन दिलं. स्वतंत्र मूल्यमापनात आढळलं की २०१२ मध्येच, २००७च्या तुलनेत, ६.४ लाख कोटी कमी विकल्या गेल्या. चौपटीहून जास्त! पण वचन २०१०चं आणि मोजणी २००७पासूनची. मधल्या काळात मंदी होती आणि लोकांची खरेदी आधीच उतरणीला लागली होती. जे आपोआप घडतच होतं त्याचं वचन देणं सोपं असतं. म्हणून कुठल्याही प्रतिज्ञेत आधारवर्ष बघा, आणि त्याआधीची पाच वर्षं आलेख कुठे चालला होता तेही बघा.

ऐच्छिक उपाय कधीच चालत नाहीत असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. ब्रिटनमध्ये मिठाबाबत तो चालला: सरासरी सेवन २०००-०१ मधल्या रोज ९.५ ग्रॅमवरून २०११ मध्ये ८.१ वर आलं. त्यामागे प्रत्येक पदार्थगटासाठी सरकारने ठरवलेलं अंकी लक्ष्य होतं, लोकांच्या लघवीतलं सोडियम मोजून केलेली तपासणी होती, आणि मीठ इतक्या सावकाश कमी केलं गेलं की जिभेला कळलं नाही. त्याच देशात साखरेचा ऐच्छिक कार्यक्रम मात्र आपटला: पाच वर्षांत २० टक्के घट हे लक्ष्य होतं, २०१५ ते २०२० मध्ये साधली ३.५ टक्के. त्याच काळात, कर लागलेल्या शीतपेयांतली साखर सुमारे ४६ टक्क्यांनी उतरली. कराची रचना हुशार होती: १०० मिलीला ५ ग्रॅमच्या खाली काही नाही, ५ पासून एक दर, ८ पासून चढा दर. घोषणा २०१६ची, अंमल एप्रिल २०१८चा, त्यामुळे पाककृती बदलायला दोन वर्षं मिळाली आणि बहुतेकांनी ती वापरली. एक गोष्ट मात्र न्याय म्हणून सांगायला हवी: पेयातली साखर काढून गोडवा देणारं रसायन घालता येतं, बिस्किटात साखर आकारमान, खुसखुशीतपणा आणि रंगही देते. तिथे ती काढणं खरोखर अवघड आहे. ४६ आणि ३.५ मधला सगळाच फरक दानतीचा नाही.

'आमची अमुक टक्के उत्पादनं आरोग्यदायी निकषांत बसतात' हे अहवालातलं लाडकं वाक्य. उत्पादनांच्या संख्येने भागलं की शंभर न खपणारे चांगले पदार्थ एका तुफान खपणाऱ्या वाईट पदार्थाला झाकतात. टक्केवारी विक्रीच्या प्रमाणात हवी आणि निकष बाहेरच्याचा हवा. नेस्लेचं अंतर्गत सादरीकरण २०२१ मध्ये फायनान्शियल टाइम्सच्या हाती लागलं. ऑस्ट्रेलियाच्या हेल्थ स्टार पद्धतीत (पदार्थाला पोषणानुसार पाचपैकी तारे दिले जातात) ३.५ तारे किंवा जास्त मिळवणारा माल, विक्रीच्या हिशोबाने, ३७ टक्के होता. त्या हिशोबातून शिशुआहार, पाळीव प्राण्यांचं अन्न, कॉफी आणि वैद्यकीय पोषण वगळलेलं होतं. म्हणजे कंपनीच्या उलाढालीचा सुमारे अर्धाच भाग त्यात होता. तुम्ही हा आकडा वापराल तेव्हा हेही सांगा. भाजक आपल्या सोयीचा असला तरी तो लपवायचा नसतो.

अशा जाहीर चर्चेला तुम्ही स्वतः जाणार असाल, तर प्रश्न आधी लेखी पाठवा. सभागृहात विचारलेल्या प्रश्नाला 'पोषण हा गुंतागुंतीचा विषय आहे' एवढंच उत्तर मिळतं. मी हे विचारेन: विक्रीच्या किती टक्के माल बाहेरच्या निकषात बसतो? जाहिरातीच्या खर्चाचा किती वाटा त्या मालावर जातो, आणि मुलांपर्यंत पोचणाऱ्या जाहिरातीत 'मूल' म्हणजे किती वयापर्यंत? तुमची व्यापारी संघटना लेबल आणि कराबद्दल सरकारला काय लिहिते, आणि ते तुम्हाला मान्य आहे का? शेवटचा प्रश्न सोडू नका. कंपनी व्यासपीठावर गोड बोलते, खरखरीत पत्रं संघटना लिहिते. २००३ मध्ये साखरेच्या १० टक्के मर्यादेचा अहवाल यायच्या वेळी अमेरिकेच्या शुगर असोसिएशनने जागतिक आरोग्य संघटनेला पत्र लिहून देशाकडून येणाऱ्या ४० कोटी ६० लाख डॉलरच्या निधीला हात घालण्याची धमकी दिली होती. आणखी एक: कंपनी बहुधा आहारतज्ज्ञाला पाठवते. माणूस प्रामाणिक असतो, पण पाककृती, किंमत आणि जाहिरात त्याच्या हातात नसते. ज्याच्या हातात आहे त्याला बोलवा, आणि मुद्द्यांचं टिपण दोन्ही बाजूंनी तपासून प्रसिद्ध होईल हे आधी ठरवून घ्या.

आणि हीच कसोटी दुसऱ्या बाजूलाही लावा. कंपन्यांवर तुटून पडणाऱ्या चॅनेलच्या खाली पूरक गोळ्यांची लिंक असेल, आहाराचा सशुल्क कार्यक्रम असेल, तर तिथेही हितसंबंध आहेतच. 'यात रसायन आहे' या वाक्याला प्रमाण विचारा: किती मिलिग्रॅम, शरीराच्या किती वजनामागे, आणि मर्यादा कुणी घालून दिलेली?